आधी मोटर बदलली, मग बॅटरी: इलेक्ट्रिक गाडीच्या दोन मोठ्या कामांचा अनुभव

आमच्या इलेक्ट्रिक गाडीचे दोन सर्वांत महाग भाग बदलून झाले आहेत. २०२४ मध्ये ड्राइव्ह युनिट, म्हणजे मोटर आणि तिला जोडलेला गिअरबॉक्स, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात अख्खा बॅटरी पॅक. दोन्ही कामं वॉरंटीत झाली. पार्किंगमध्ये हिरवी नंबर प्लेट बघून थांबणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "बॅटरी गेली तर काय?" त्याचं उत्तर मला आता अनुभवावरून देता येतं. ते तपशिलात द्यावं असं मनापासून वाटतं, कारण ज्याची गाडी उद्या सर्व्हिस सेंटरच्या दारात उभी राहणार आहे, त्याला "काळजी करू नका, वॉरंटी आहे" एवढ्यानं काहीच मदत होत नाही. गाडीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. इथे जे सांगायचं आहे ते कुठल्याही कंपनीच्या गाडीला लागू आहे.

गाडी २०२२ च्या अखेरीस घेतली. रोजचं कोथरूड ते हिंजवडी, आणि माहेर साताऱ्याचं असल्यामुळे महामार्गावरच्या नेमानं फेऱ्या. बॅटरी आणि मोटरवर वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. तेव्हा आपल्याकडे बहुतेक कंपन्यांनी हाच आकडा धरलेला होता.

आवाज पकडला तो नानांनी. नाना म्हणजे माझे सासरे. त्यांची सगळी नोकरी भोसरीच्या कारखान्यात मेंटेनन्सला गेली. खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडल्यावर मागच्या सीटवरून म्हणाले, "अगं, ही घुंई टायरची नाही बरं का. जरा पाय काढ ॲक्सिलरेटरवरून." काढला. आवाज होता तसाच. "आता परत दे." तरी तसाच. "बेअरिंग," एवढंच म्हणाले आणि खिडकीकडे कान लावून बसले.

त्यांची आवाज ओळखायची रीत मला फार उपयोगी पडली, म्हणून ती सांगते. गिअरचा आवाज लोडप्रमाणे बदलतो. ॲक्सिलरेटर दिला की दात एका बाजूनं दाबले जातात, सोडून रीजेन, म्हणजे वेग कमी होताना मोटरनं उलट वीज बनवणं, सुरू झालं की दुसऱ्या बाजूनं, आणि आवाजाचा सूर पालटतो. चाकाच्या बेअरिंगचा आवाज गाडी डावी-उजवीकडे झुकवली की कमी-जास्त होतो. टायरचा आवाज डांबरावरून काँक्रीटवर आलं की लगेच वेगळा लागतो. मोटरच्या बेअरिंगचा आवाज मात्र फक्त वेगाबरोबर चढतो आणि वेगाबरोबर उतरतो. इलेक्ट्रिक गाडीत गिअर बदलणं नाही. मोटर आणि चाक यांच्यात साधारण ९ ते १० पटींचं एकच रिडक्शन असतं. ६० च्या वेगाला चाक मिनिटाला ५०० फेरे घेतं, म्हणजे मोटर जवळपास ५,००० फेऱ्यांवर असते. त्या फेऱ्यांवर बेअरिंगमध्ये बारीकसा खड्डा पडला तरी तो ऐकू येतोच.

सर्व्हिस सेंटरला ॲडव्हायझर म्हणाला, "मॅडम, ईव्हीला इंजिनाचा आवाज नसतो ना, त्यामुळे बाकीचे सगळे आवाज जास्त जाणवतात." हे खरंच आहे. पण दर महिन्याला वाढत जाणारा आवाज त्यात बसत नाही. मी दोन गोष्टी धरून ठेवल्या. एक, टेक्निशियननं माझ्याबरोबर गाडीत बसायचं, तेही बायपासवर, सर्व्हिस सेंटरच्या गल्लीत नाही. दुसरी, जॉब कार्डावर तक्रार माझ्या शब्दांत लिहायची. कार्डावर नुसतं 'नॉइज चेक' असलं की उत्तरात 'चेक्ड, ओके' येतं. मी लिहून घेतलं ते असं: चाळीसच्या पुढे वेगाबरोबर वाढणारा आवाज, ॲक्सिलरेटर सोडल्यावर बदल नाही, न्यूट्रलमध्येही कायम, स्टिअरिंग वळवून फरक नाही. हे वाचल्यावर तपासणाऱ्यालाही कुठे बघायचं ते कळतं, आणि पुढे कंपनीच्या मंजुरीसाठी फाइल जाते तेव्हा हेच वाक्य तिच्यासोबत जातं.

टेक्निशियन बारामतीकडचा तरुण मुलगा होता, कामात अगदी चोख. वारज्यापासून चांदणी चौकापर्यंत जाऊन येईतो त्याची खात्री पटली. मग गाडी लिफ्टवर घेतली, चाकं फिरवली आणि स्टेथोस्कोपची सळई युनिटच्या केसिंगवर ठिकठिकाणी टेकवून ऐकलं. गिअरबॉक्सच्या बाजूला आवाज मऊ, मोटरच्या टोकाला खरखर. शेवटी त्यानं तेल सोडायचा प्लग काढला. त्या प्लगला चुंबक असतं. त्यावर काळ्या लोण्यासारखा थर थोडासा असणं नेहमीचं, गिअर रुळताना तेवढी कीस निघतेच. इथे त्या थरात टोकदार, चमकणारे कण होते. त्यानं ते पांढऱ्या फडक्यावर पुसून उजेडात धरले, फोटो काढला आणि म्हणाला, "ताई, आता वर पाठवायला पुरावा झाला."

घरी नानांनी आपल्या हत्यारांच्या पेटीतून कापलेली एक बेअरिंगची रिंग काढून दिली. कारखान्यातल्या मोटरी व्हीएफडीवर, म्हणजे वेग कमी-जास्त करणाऱ्या इन्व्हर्टरवर, चालवायला लागल्यापासून अशा रिंगा निघायला लागल्या, म्हणाले. आतल्या गुळगुळीत पृष्ठभागावर आडवे, एकसारख्या अंतराचे राखाडी पट्टे. नख फिरवलं की प्रत्येक पट्टा वेगळा लागतो. ते असं होतं: इन्व्हर्टर डीसी व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून मोटरला एसी देतो. त्या झटक्यांमुळे मोटरच्या शाफ्टवर थोडं व्होल्टेज चढतं. त्याला जमिनीकडे जायला दुसरी वाट मिळाली नाही की ते बेअरिंगमधल्या तेलाच्या पातळ थरातून ठिणगी पाडून जातं. प्रत्येक ठिणगी पोलादाचा एक कण वितळवते. उपाय माहीत आहेत. शाफ्टला टेकणारी ग्राउंडिंग रिंग, किंवा सिरॅमिक गोळ्यांची बेअरिंग. मोटर म्हणजे एकच फिरता भाग, त्यात बिघडायला काय आहे, असं म्हणणाऱ्यांना ती रिंग एकदा हातात द्यावी असं मला वाटतं.

"आपलीच गाडी अशी का?" हे घरात सगळ्यांनी विचारलं. आपलीच नाही. टेस्लाच्या सुरुवातीच्या मॉडेल एसमध्ये ड्राइव्ह युनिटच्या आवाजाच्या इतक्या तक्रारी आल्या की ऑगस्ट २०१४ मध्ये कंपनीनं त्यावरची वॉरंटी ८ वर्षं आणि अमर्याद मैल अशी वाढवली, आधी विकलेल्या गाड्यांनाही लागू केली. दोष लपवण्यापेक्षा वॉरंटी वाढवणं ग्राहकाच्या भल्याचं. आणि त्यातून युनिटही सुधारत गेलं.

मंजुरी आली, युनिट आलं, आणि बदलायचं काम मी पिवळ्या साखळीच्या अलीकडे उभं राहून बघितलं. आधी १२ व्होल्टची बॅटरी सोडवली. मग पॅकची वीज तोडणारा नारिंगी सर्व्हिस डिस्कनेक्ट ओढून काढला आणि तो टेक्निशियननं स्वतःच्या खिशात ठेवला, दुसऱ्या कुणी चुकून लावू नये म्हणून. इन्व्हर्टरमधले कपॅसिटर रिकामे व्हायला काही मिनिटं थांबले. रबरी हातमोजे घालून मीटर लावला आणि व्होल्टेज ६० च्या खूप खाली आल्याचं जोडीदाराला मोठ्यानं सांगितलं. या कामाला एकट्या माणसाला हात लावू देत नाहीत, दुसरा कायम बाजूला असतो. मग कूलंट सोडणं, ड्राइव्हशाफ्ट ओढणं, माउंटिंगचे बोल्ट. जुनं युनिट खाली आलं ते थेट खोक्यात गेलं, कारण ते कंपनीला परत जातं. नव्याला नवी ऑइल सील, शाफ्टचे नवे नट, आणि सबफ्रेम हलवल्यामुळे शेवटी व्हील अलाइनमेंट. हे अलाइनमेंट वॉरंटीच्या बिलात धरलेलं असतं, पण यादीतून सुटू शकतं. गाडी ताब्यात घेताना त्याचं प्रिंटआउट मागावं.

इथे काम संपलं असं सगळ्यांना वाटतं. पण आरसीवर चेसिस नंबरच्या खाली इंजिन किंवा मोटर नंबर छापलेला असतो, आणि ड्राइव्ह युनिट बदललं की तो नंबर बदलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल १४ दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवायचा असतो. डिलिव्हरीच्या वेळी हे कुणी आपणहून सांगेल याची वाट बघू नये. मी सर्व्हिस सेंटरकडून तीन कागद मागून घेतले: जुना आणि नवा नंबर एकाच पानावर असलेलं कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र, शून्य रकमेचं का होईना पण नव्या युनिटचा नंबर छापलेलं बिल, आणि जॉब कार्डाची बंद केलेली प्रत. वाहन पोर्टलवर अर्ज भरून संगम पुलाजवळच्या आरटीओत गेले. तपासणीला चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासून प्रिंट घेतात, ते सोपं. मोटरचा नंबर मात्र बॉनेटखाली इतका खोल आणि आडवा असतो की वाकून वाचता येत नाही. मी टेक्निशियनकडून युनिट बसवायच्या आधीच त्या प्लेटचा स्पष्ट फोटो काढून घेतला होता. तपासणाऱ्या साहेबांनी तो फोटो आणि मोबाइल आत घालून काढलेला दुसरा फोटो शेजारी धरून ताडून बघितले. मग नव्या आरसीची प्रत विमा कंपनीला पाठवून पॉलिसीत दुरुस्ती करून घेतली. उद्या अपघाताचा क्लेम आला किंवा गाडी विकायची झाली, तर सर्व्हेअर आणि गिऱ्हाईक दोघंही आधी नंबरच बघतात.

बॅटरीचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं होतं, कारण तिथे कानानं काही कळत नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात साताऱ्याहून परत येताना कात्रजच्या बोगद्याकडे चढताना मीटरवरची बॅटरी बाविसावरून बघता बघता नवावर आली आणि गाडीनं ताकद कापली. डाव्या बाजूला घेऊन हळूहळू चार्जरपर्यंत पोचले. सर्व्हिस सेंटरनं पहिला उपाय सांगितला तो असा, की घरच्या एसी चार्जरवर पूर्ण शंभर टक्के चार्ज करा आणि तसंच लावून ठेवा, कॅलिब्रेशन होईल. हा सल्ला योग्यच आहे, टाळाटाळ नाही. माझ्या गाडीत एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे, सेल आहेत. त्या सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं. वीस टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत ते ३.२ ते ३.३५ व्होल्टच्या आसपासच रेंगाळतं. त्यामुळे बीएमएसला, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला, व्होल्टेज बघून चार्ज ओळखता येत नाही, आत-बाहेर गेलेला करंट मोजत अंदाज बांधावा लागतो. तो अंदाज रोज थोडा सरकतो, आणि पूर्ण चार्ज केल्यावर सेल ३.६ च्या वर चढतात तेव्हाच त्याला पक्कं ठिकाण सापडतं. रोज ऐंशीवर थांबवणाऱ्यांनी म्हणूनच अधूनमधून शंभर करायला हवं. कंपनीच्या पुस्तकातही तसं लिहिलेलं असतं.

मी ते केलं. पुन्हा खाली गेल्यावर तोच प्रकार.

तेव्हा ओबीडीला, म्हणजे गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला, ब्लूटूथ डोंगल लावून फोनवर प्रत्येक सेलचं व्होल्टेज बघायला सुरुवात केली. पॅकमध्ये सेल एकामागे एक, सिरीजमध्ये जोडलेले असतात. एलएफपीचा एक सेल ३.२ व्होल्टचा, त्यामुळे सव्वातीनशे व्होल्टसाठी शंभरेक लागतात. सगळ्यांतून एकच करंट वाहतो. वारीत सगळी दिंडी तिच्यातल्या थकलेल्या म्हाताऱ्याच्या चालीनं चालते, तसंच इथे आहे. एक सेल तळाला गेला की बाकीच्यांत कितीही शिल्लक असली तरी बीएमएस गाडी थांबवणार, कारण तो सेल २.५ व्होल्टच्या खाली ओढला तर कायमचा खराब होतो. माझ्या पॅकमध्ये पंचवीस टक्क्यांवर, चढावर, सगळे सेल ३.१ च्या पुढे आणि एक २.७ वर.

पण एवढ्यानं निदान होत नाही. खाली लवकर पडणारा सेल दोन कारणांनी तसा वागतो. एक तर तो नुसता मागे राहिलेला असतो. क्षमता शाबूत, पण इतरांपेक्षा चार्ज कमी. असा सेल चार्ज करताना वरही सगळ्यांच्या मागे असतो. बॅलन्सिंगनं, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणून, तो सुधारतो, मात्र वेळ लागतो, कारण बीएमएस भरलेल्या सेलमधला करंट रेझिस्टरमधून जाळून त्यांना थांबवून धरतो आणि तो करंट फार थोडा असतो. दुसरं कारण म्हणजे सेलची क्षमताच घटलेली असते. असा सेल उतरताना सर्वांत आधी तळ गाठतो आणि चढतानाही सर्वांत आधी माथा. भांडंच लहान झालं, तर बॅलन्सिंग काय करणार? म्हणून दोन्ही टोकांना बघावं लागतं. मी शंभराच्या जवळ चार्ज होताना स्क्रीनवर नजर ठेवली. तोच सेल इतरांच्या आधी ३.६५ ला पोचत होता आणि चार्जिंग तिथेच बंद पडत होतं. खाली तोच पहिला, वर तोच पहिला.

दोन्ही टोकांचे स्क्रीनशॉट, त्या वेळचं तापमान आणि किलोमीटर लिहून ईमेल केला. प्रत्यक्ष भेटीतही बोलले, पण ईमेल आधी. सर्व्हिस सेंटरच्या यंत्रावर काढलेल्या लॉगमध्ये तेच दिसलं, आणि 'कॅलिब्रेशन करा' हा विषय तिथे संपला. कंपन्यांच्या वॉरंटीत हळूहळू होणारी झीज एका मर्यादेपर्यंत धरत नाहीत. रेंज कमी झाली एवढीच तक्रार केली तर ती झिजेच्या खात्यात जाऊ शकते. एका सेलचा दोष आकड्यांनिशी दाखवला की ती तक्रार दोषाच्या खात्यात जाते.

मंजुरीच्या आधी पॅकच्या तळाची तपासणी झाली, आणि हा भाग मला सगळ्या ओळखीच्यांना सांगावासा वाटतो. तळाला मार बसला असेल तर वॉरंटी अडते. पुण्यातले सोसायट्यांचे स्पीडब्रेकर बघता कुठल्याही गाडीच्या पोटावर चार ओरखडे असणारच. मी प्रत्येक सर्व्हिसला गाडी लिफ्टवर असताना पोटाचे फोटो काढत आले होते. ओरखडे वरवरचे, जुने, आणि कुठेही पोचा नाही, हे तारखांसकट दाखवता आलं. पाण्याचं मात्र वेगळं. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. पॅकला आयपी६७ असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. रात्रभर पाण्यात उभी राहिलेली गाडी त्यात बसत नाही. तो विषय वॉरंटीचा नाही, विम्याचा आहे, आणि नदीकाठी राहणाऱ्यांनी बॅटरीचं वेगळं कव्हर घेतलेलं बरं.

कंपनीचा निर्णय आला की पॅक उघडणार नाही, अख्खा बदलणार. एक सेल खराब, आणि शेकडो किलोंचा पॅक उतरवून ट्रकनं परत. मला हे पटत नाही, आणि तसं मी तिथेही सांगितलं. पॅक मॉड्यूलचा, म्हणजे सेलच्या गठ्ठ्यांचा, बनलेला असतो. खराब मॉड्यूल काढून क्षमतेला जुळणारं, आधी व्होल्टेज सारखं करून घेतलेलं दुसरं बसवता येतं. कंपनीच्या कारखान्यात तेच करतात. पण त्याला बंदिस्त कोरडी खोली, इन्सुलेटेड हत्यारं, पॅक पुन्हा हवाबंद झाल्याची चाचणी करायचं यंत्र आणि शिकलेली माणसं लागतात. पुण्यात एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था आहे, जिथे एआयएस ०३८ या सुरक्षेच्या मानकाप्रमाणे पॅकच्या चाचण्या होतात. भोसरी-चाकणला हातात कसब असलेले हजारो लोक आहेत. पॅक उघडून दुरुस्त करणारी, कंपनीनं मान्य केलेली वर्कशॉप इथे व्हायलाच हवीत. वॉरंटी संपल्यानंतरच्या गाड्यांचं आयुष्य त्यावरच ठरणार आहे.

कारण पैशांचं गणित अवघड आहे. मी मुद्दाम वॉरंटीबाहेरचं कोटेशन मागून बघितलं, तेव्हा आकडा जुन्या बाजारातल्या माझ्या गाडीच्या किमतीच्या आसपास गेला. ब्लूमबर्ग एनईएफ या ऊर्जेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या पाहणीत २०२४ मध्ये पॅकची जगभरातली सरासरी किंमत किलोवॉट-तासाला ११५ डॉलर होती, २०१० मध्ये ती हजाराच्या वर होती. पण ती कारखान्यांनी घाऊक घेतलेल्या पॅकची किंमत. सुट्या भागाला वाहतूक, साठवण, मार्जिन असं सगळं वर चढतं. शिवाय इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के, आणि तीच बॅटरी सुटी घेतली तर १८ टक्के. गाडीबरोबर आलेला पॅक आणि बदली म्हणून आलेला पॅक यांत हा फरक का असावा, हे मला समजत नाही. गाडी जास्त वर्षं चालवणाऱ्याला तो दंडच आहे.

येणारा पॅक नवा की दुरुस्त केलेला, हे मी लेखी विचारलं. दुरुस्त केलेला, असं लेखी उत्तर आलं, आणि वॉरंटीच्या अटींत तशी मुभा होती. त्याला माझी हरकत नव्हती. हरकत असती ती माहिती न देण्याला. मी मागितलं ते असं: पॅकचा अनुक्रमांक, पूर्ण भरून पूर्ण उतरवून मोजलेली क्षमता, आणि इन्सुलेशन रेझिस्टन्सचा, म्हणजे पॅकची वीज गाडीच्या सांगाड्यात झिरपत नाही हे दाखवणारा, आकडा. ॲडव्हायझर आधी म्हणाला की असा रिपोर्ट ग्राहकाला देत नाहीत. ईमेलवर पुन्हा मागितल्यावर आला. वॉरंटी बदलीनं पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही, मूळ गाडीची उरलेली मुदतच पुढे चालते. म्हणून पहिल्या दिवसाचा आकडा हातात असणं गरजेचं. पुढे घट मोजायची ती याच आकड्यापासून.

पॅक यायला वेळ लागला. लिथियम बॅटरी वाहतुकीच्या नियमात नवव्या वर्गाचा धोकादायक माल आहे, कुठल्याही टेम्पोत टाकून आणता येत नाही. आला तो लाकडी पॅलेटवर, अंगावर काळ्या पट्ट्यांचं चौकोनी लेबल, कनेक्टरवर प्लास्टिकच्या टोप्या. बसवण्याआधी हवा भरून गळती तपासली. मग गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर, खाली सिझर टेबलावर पॅक, आणि तो टेबल इंचाइंचानं वर. गाइड पिन भोकांत बसल्यावर टेक्निशियननं हात वर करून थांबवलं, आडवा झोपून टॉर्चनं कूलंटचा पाइप चेपला नाही ना ते बघितलं, आणि मगच पुढे. बोल्ट ठरलेल्या क्रमानं आवळून प्रत्येकावर पिवळ्या पेननं रेघ ओढली. कूलंट व्हॅक्यूम लावून भरतात, नाहीतर आत हवेचे बुडबुडे राहून एखादा कोपरा गरमच राहतो. शेवटी इन्सुलेशन: नियमानं व्होल्टमागे किमान १०० ओहम हवेत, म्हणजे साडेतीनशे व्होल्टला ३५ किलोओहम. इथे मीटर मेगाओहमच्या वर दाखवत होता. सॉफ्टवेअर जोडणी झाल्यावर त्यांनीच एसीवर पूर्ण चार्ज करून गाडी दिली.

जुन्या पॅकचं काय होणार तेही विचारलं. २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांनुसार गोळा करण्याची आणि पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे. तो दुरुस्तीला जाणार, म्हणजे उरलेले चांगले सेल वाया जाणार नाहीत, हे ऐकून बरं वाटलं.

त्यानंतर साताऱ्याला गेले ते मुद्दाम बॅटरी खाली नेण्यासाठी. खंबाटकीचा घाट चढताना नाना शेजारी डोंगलचा फोन धरून बसले होते आणि सर्वांत वरचा, सर्वांत खालचा सेल मोठ्यानं वाचत होते. घाटमाथ्यावर, पूर्ण लोडला, दोघांतला फरक तीस मिलिव्होल्टच्या आत. परतीला कात्रजला बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली होती, आणि टक्के एकेक करून उतरले, उडी कुठेच नाही. "हे आता लिहून पाठव त्यांना," नाना म्हणाले, "बिघडलं तेव्हाचं पाठवलंस, नीट झालं तेव्हाचंही हवं." घरी आल्यावर दोन्ही ठिकाणचे स्क्रीनशॉट, किलोमीटर आणि तापमान त्याच जुन्या ईमेलच्या उत्तरात जोडून सर्व्हिस सेंटरला पाठवले. पुढच्या सर्व्हिसचं जॉब कार्ड उघडेल तेव्हा त्यात हेच आकडे आधी लिहून घेणार आहे.